रिसायकलरव्ह्यूमध्ये एका ओळीची टिक दुसऱ्या ओळीवर का उमटते, आणि ती टिक ठेवायची कुठे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना, हे कळेल. किराणा मालाच्या ऑर्डरची ८० वस्तूंची यादी आहे, अँड्रॉइडवर, कोटलिनमध्ये, रिसायकलरव्ह्यू (पडद्याबाहेर गेलेली ओळ पुढच्या वस्तूसाठी परत वापरणारी यादी) वापरून. प्रत्येक ओळीत वस्तूचं नाव, एक चेकबॉक्स आणि किती हवं ते लिहायला एडिटटेक्स्ट. पोह्यांवर टिक केली आणि यादी खाली नेली की हात न लावलेल्या हिंगावरही टिक दिसते. परत वर यावं तर कधी पोह्यांची टिक गेलेली असते, कधी पोह्यांसमोर लिहिलेले २ किलो तूरडाळीसमोर असतात. यावर तुम्ही होल्डरला (एका ओळीचे व्ह्यू धरून ठेवणाऱ्या ऑब्जेक्टला) सेटइजरिसायकलेबल(फॉल्स) लावून पाहिलं, मग ओळीचा प्रकार सांगणाऱ्या गेटआयटमव्ह्यूटाइपमधून थेट पोझिशनच, म्हणजे ओळीचा क्रमांकच, परत केली. दुसऱ्या उपायाने टिका जागेवर राहिल्या, पण यादी अडखळू लागली, आणि शोधपट्टीत ‘गूळ’ टाइप केलं की घोळ पुन्हा हजर. म्हणून तुम्ही विचारताय की रिसायकलिंग नीट बंद कसं करायचं.

बंद करू नका. रिसायकलिंगमुळे तुमच्या कोडमधली आधीपासूनची एक उणीव फक्त उघडी पडते आहे: टिक नेमकी कोणाची, हे कोडने कुठे ठरवलेलंच नाही. आत्ता ती चेकबॉक्स नावाच्या व्ह्यूकडे, म्हणजे पडद्यावरच्या घटकाकडे, आहे. ती पोह्यांकडे असायला हवी. ही मालकी बदलली की तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन बहुतेक सुटतात. तिसरी, म्हणजे एडिटटेक्स्टची, जरा जास्त काळजी मागते. तिच्याकडे सावकाश येऊ.

पडद्यावर एका वेळी ९ ओळी मावतात असं धरा. ८० वस्तूंसाठी रिसायकलरव्ह्यू ८० ओळी बनवत नाही, साधारण दीडेक डझन बनवतो आणि त्याच फिरवत राहतो. वर सरकून दिसेनाशी झालेली ओळ आधी एका छोट्या कॅशमध्ये जाते. या कॅशचा मूळ आकार २ आहे, आणि पुढची ओळ आधीच तयार ठेवण्याच्या सोयीमुळे त्यात बहुधा आणखी एकीची जागा वाढते. इथली ओळ जशीच्या तशी ठेवलेली असते. लगेच मागे आलात तर बाइंड न करताच, म्हणजे वस्तूची माहिती नव्याने न भरताच, ती पुन्हा लावली जाते. कॅश भरली की तिच्यातली सर्वांत जुनी ओळ पूलमध्ये ढकलली जाते. पूलमध्ये प्रत्येक व्ह्यूटाइपच्या जास्तीत जास्त ५ ओळी राहतात. तिथे गेलेली ओळ आपली पोझिशन विसरते आणि पुन्हा वापरायच्या आधी तिच्यावर ऑनबाइंडव्ह्यूहोल्डर (बाइंड करणारी मेथड) चालवला जातोच.

तुमच्या वर्णनातलं ‘कधी कधी’ इथूनच येतं. दोन ओळी सरकवून मागे आलात तर ओळ कॅशमधून जशीच्या तशी परत येते आणि सगळं बरोबर दिसतं. पंधरा ओळी खाली गेलात तर पोह्यांची ओळ पूलमधून हिंगाला मिळते. यात नशिबाचा भाग काही नाही. किती सरकवलं यावर ते ठरतं.

पंगतीतली ताटं डोळ्यांसमोर आणा. पन्नास ताटांत दोनशे माणसं जेवतात, कारण उठलेल्या पंगतीची ताटं विसळून पुढच्या पंगतीला मांडतात. बाइंड म्हणजे ते विसळणं आणि वाढणं, दोन्ही एकत्र. तुमच्या बाइंडमध्ये नाव वाढलं जातं, पण टिक विसळली जात नाही. आणि ताटाला फक्त टिकच चिकटत नाही. एडिटटेक्स्टमधला मजकूर, लाल रंगातला त्रुटीचा संदेश, ओळीची पार्श्वभूमी, दिसणं-लपणं, अल्फा, बाजूला सरकवलेल्याचं अंतर, नावावर मारलेली काट, हे सगळं व्ह्यूबरोबर पुढच्या वस्तूकडे जातं.

आता तुमचे दोन उपाय का फसले ते पाहू, कारण दोन्ही अनेक ठिकाणी सुचवलेले सापडतात. सेटइजरिसायकलेबल(फॉल्स) केलेली ओळ पडद्याबाहेर गेली की कॅशमध्येही जात नाही, पूलमध्येही नाही. ती टाकूनच दिली जाते. हिंगावर खोटी टिक येत नाही हे खरं, पण पोह्यांकडे परत आलात की तिथे कोरी ओळ असते, कारण टिक टाकलेल्या व्ह्यूबरोबर गेली. शिवाय ही सूचना मोजून ठेवली जाते: जितक्या वेळा फॉल्स म्हणाल तितक्या वेळा ट्रू म्हणावं लागतं. प्रत्येक बाइंडमध्ये फॉल्स लिहिलं तर ती मोजणी चढतच जाते. ही सोय ॲनिमेशन चालू असताना ओळ तात्पुरती धरून ठेवण्यासाठी आहे.

गेटआयटमव्ह्यूटाइपमधून पोझिशन परत करणं जास्त फसवं, कारण ते चाललेलं दिसतं. प्रत्येक पोझिशन हा वेगळा प्रकार झाला, म्हणजे ८० प्रकार, प्रत्येकाची एक ओळ, आणि पूलची मर्यादा प्रकारामागे ५ असल्याने ८०च्या ८० ओळी मेमरीत बसून राहतात. पहिल्यांदा खाली जाताना प्रत्येक ओळ नव्याने इन्फ्लेट होते (लेआउटच्या फाइलमधून बनते), तेच तुमचं अडखळणं. आणि शोधपट्टीत ‘गूळ’ टाइप केलं की गूळ पोझिशन ०वर येतो, तर ० प्रकारची ओळ आधी दुसऱ्याच वस्तूची होती. तिची टिक गुळाला लागते. पोझिशन ही वस्तूची ओळख नव्हे. ती या क्षणीची रांगेतली जागा आहे, आणि रांग गाळली, क्रम बदलला, मधली वस्तू काढली की जागा बदलते. याच कारणाने स्पार्सबूलियनॲरेमध्ये (आकड्यासमोर हो/नाही ठेवणारा साठा) पोझिशननुसार टिका ठेवण्याचा सल्लाही मी देत नाही. न बदलणाऱ्या यादीत तो चालतो, पण तुमच्याकडे शोध आहे, म्हणजे तुमची यादी बदलणारी आहे. टिका वस्तूच्या आयडीवर ठेवा.

कुठे ठेवायच्या, हे मात्र परिस्थितीवर ठरतं, आणि इथे सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर नाही. मी प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारतो: ही हरवली तर ग्राहकाचं काय नुकसान? निवडलेल्या वस्तू आणि प्रमाण हरवलं तर त्याची दहा मिनिटांची मेहनत गेली. त्यामुळे ते व्ह्यूमॉडेलमध्ये (फोन फिरवला तरी टिकणारी, पडद्याचा डेटा ठेवायची जागा) हवंच, आणि ऑर्डर उद्याही अर्धवट सापडायला हवी असेल तर रूमच्या, म्हणजे फोनमधल्या डेटाबेसच्या, टेबलमध्ये. ओळ उघडून दाखवलेला तपशील हरवला तर फार बिघडत नाही. आयडींचा एक सेट व्ह्यूमॉडेलमध्ये पुरतो. चालू ॲनिमेशन किंवा दाबल्यावरची लहर हरवली तर काहीच बिघडत नाही. ती व्ह्यूमध्येच राहू द्या, फक्त ओळ दुसऱ्याला देताना थांबवा. ॲडॅप्टरमध्ये (वस्तू ओळींत भरणाऱ्या क्लासमध्ये) मात्र यातलं काहीही ठेवू नका. फोन आडवा केला की ॲक्टिव्हिटी नव्याने बनते, तिच्याबरोबर ॲडॅप्टरही. आणि रिसायकलरव्ह्यू स्वतःची स्क्रोलची जागा साठवतो, पण ओळींमधल्या व्ह्यूंची अवस्था साठवत नाही. साध्या फॉर्ममधला एडिटटेक्स्ट फोन फिरवल्यावर मजकूर आपोआप परत आणतो, म्हणून इथेही आणेल असं वाटतं. इथे तो आणत नाही.

ॲप मागे असताना सिस्टिमने प्रोसेसच मारली तर व्ह्यूमॉडेलही जातं. त्यासाठी सेव्हडस्टेटहँडल आहे, पण त्यात फक्त आयडी आणि लिहिलेलं प्रमाण ठेवा, वस्तूंची पूर्ण यादी नको. हा डेटा बाइंडरमधून (प्रोसेसमधली देवाणघेवाण, वरच्या बाइंडशी संबंध नाही) जातो आणि त्याचा बफर साऱ्या प्रोसेसला मिळून सुमारे १ एमबी असतो. मोठी यादी कोंबली तर ॲप मागे जातानाच कोसळतं, आणि अशी चूक शोधायला फार वेळ जातो.

आता बाइंड. नियम एकच: बाइंडने ओळीतली बदलू शकणारी प्रत्येक गोष्ट, प्रत्येक वेळी, स्पष्ट लिहायची. ‘सवलत असेल तर लाल पट्टी दाखव’ एवढं लिहून थांबलात तर सवलत नसलेल्या वस्तूवरही एक दिवस लाल पट्टी येणार. प्रत्येक इफला एल्स हवा. कोड तपासताना मी बाइंडमध्ये एल्स नसलेले इफच आधी शोधतो. यादीतल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

चेकबॉक्सच्या बाबतीत क्रमाला फार महत्त्व आहे, आणि पोह्यांची टिक परत येताना का हरवली तेही इथेच कळतं. पोह्यांच्या ओळीवर ऑनचेकचेंजचा लिस्नर (टिक बदलली की चालणारा कोड) लावलेला आहे आणि त्याने पोह्यांचा आयडी पकडून ठेवलाय. तीच ओळ हिंगाला मिळते. तुम्ही योग्य म्हणून सेटचेक्ड(फॉल्स) करता. टिक बदलली, म्हणून अजून चिकटलेला जुना लिस्नर चालतो आणि निमूटपणे पोह्यांची नोंद पुसतो. त्यानंतर तुम्ही हिंगाचा लिस्नर लावता, पण तोवर नुकसान झालेलं असतं. म्हणून क्रम असा: आधी लिस्नर नल करा, मग सेटचेक्ड, मग नवा लिस्नर. त्याहून सुटसुटीत म्हणजे ऑनचेकचेंज सोडून साधा ऑनक्लिक वापरा. तो माणसाने दाबल्यावरच चालतो, कोडने टिक बदलल्यावर नाही, त्यामुळे हा सगळा प्रश्नच उरत नाही. टॉकबॅक (पडदा वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्यांचं दाबणंही ऑनक्लिकपर्यंत पोहोचतं, तेव्हा तीही अडचण नाही.

याच साखळीतून आणखी एक क्रॅश येतो. बाइंडमधल्या सेटचेक्डने लिस्नर चालला आणि त्यात नोटिफायआयटमचेंज्ड (ओळ बदलली असं यादीला कळवणं) लिहिलेलं असेल, तर मांडणी चालू असताना ही मेथड बोलावता येत नाही अशा अर्थाचं इल्लीगलस्टेटएक्सेप्शन मिळतं. काही जण कोडची ती ओळ पोस्टमध्ये गुंडाळून, म्हणजे जरा नंतर चालवून, क्रॅश दाबतात. क्रॅश थांबतो, चुकीचं लिखाण चालूच राहतं.

लिस्नर लावायची जागा ऑनक्रिएटव्ह्यूहोल्डर. होल्डर बनताना एकदाच लावा आणि दाबल्याच्या क्षणी त्याला विचारा, तू आत्ता कुठे आहेस. बाइंडला मिळालेली पोझिशन लिस्नरमध्ये पकडून ठेवू नका. वरची एक वस्तू काढून नोटिफायआयटमरिमूव्ह्ड केलं की खालच्या ओळी एकेक जागा वर सरकतात, पण त्यांचं बाइंड पुन्हा होत नाही. पकडलेला आकडा जुनाच राहतो आणि पुढचं दाबणं शेजारच्या वस्तूला लागतं. गेटबाइंडिंगॲडॅप्टरपोझिशन वापरा, गेटॲडॅप्टरपोझिशन हे जुनं नाव १.२.० आवृत्तीपासून कालबाह्य आहे. उत्तर -१ आलं, म्हणजे नोपोझिशन, तर काहीही न करता परत फिरा. ओळ नाहीशी होत असताना किंवा नोटिफायडेटासेटचेंज्डनंतर मांडणी व्हायच्या आत बोट पडलं तर हे खरोखर घडतं. मिळालेल्या पोझिशनवरून लगेच वस्तूचा आयडी काढा आणि व्ह्यूमॉडेलला आयडीच द्या. पोझिशन ॲडॅप्टरच्या बाहेर जाऊ देऊ नका.

आता एडिटटेक्स्ट. टेक्स्टवॉचर (मजकूर बदलला की चालणारा लिस्नर) बाइंडमध्ये लावला तर प्रत्येक फेऱ्यात आणखी एक वॉचर चढतो, कारण ॲडटेक्स्टचेंज्डलिस्नर नावाप्रमाणे भर घालतो, जुना काढत नाही. चार फेऱ्यांनंतर एका अक्षरावर चार वॉचर चालतात आणि प्रत्येक जण वेगळ्या वस्तूच्या नावाने लिहितो. तूरडाळीसमोर आलेले २ किलो बहुधा हेच आहेत. म्हणून वॉचरही होल्डर बनताना एकदाच. होल्डरमध्ये दोन गोष्टी ठेवा: आत्ताचा वस्तूचा आयडी, आणि ‘बाइंड चालू आहे’ असं सांगणारा एक बूलियन. बाइंडमध्ये आधी बूलियन ट्रू, मग नवा आयडी, मग सेटटेक्स्ट, शेवटी बूलियन फॉल्स. वॉचरमध्ये पहिलीच ओळ: बूलियन ट्रू असेल तर परत फिर. आयडी सेटटेक्स्टच्या आधी बदलायचा हेही विसरू नका. नंतर बदललात आणि कधी कोणी तो बूलियन काढून टाकला, तर हिंगाचा मजकूर पोह्यांच्या खात्यावर जमा होईल.

साठवायचं कधी? दर अक्षराला. ‘फोकस सुटल्यावर साठवू’ हा विचार साध्या फॉर्ममध्ये ठीक आहे, पण यादीत ओळ पडद्याबाहेर ओढली जात असतानाच फोकस सुटतो, आणि त्या वेळी होल्डरची पोझिशन -१ असू शकते. व्ह्यूमॉडेलमधल्या मॅपमध्ये दर अक्षराला एक नोंद करणं स्वस्त आहे. रूममध्ये लिहायचं असेल तर तिथे मात्र ३०० ते ५०० मिलिसेकंद थांबून लिहा.

काय साठवायचं? ग्राहकाने लिहिलेला मजकूर, जसाच्या तसा. आकडा करून साठवू नका. अडीच किलो लिहिताना तो आधी ‘2.’ पर्यंत येतो. तुम्ही त्याचा डबल करून पुन्हा दाखवलात तर ‘2.0’ होतं, कर्सर सुरुवातीला उडी मारतो आणि पुढचा ५ भलत्याच ठिकाणी पडतो. मजकूर हा मसुदा; आकडा बेरीज करायच्या वेळी त्यातून काढा. आपल्याकडचा एक बारकावा: इनपुटचा प्रकार साधा मजकूर ठेवला असेल तर मराठी कीबोर्डवरून ‘२’ असा देवनागरी अंक येऊ शकतो. टोइंट तो वाचतो, टोडबल वाचत नाही. अपूर्णांक घेणार असाल तर अंक आधी इंग्रजी (0-9) करून घ्या, नाहीतर एखाद्याची ऑर्डर विनाकारण अडेल.

आणि ज्या ओळीत टाइप करणं चालू आहे, तिला नोटिफाय करू नका. मूळ बदलाच्या ॲनिमेशनमध्ये जुनी ओळ विरत जाते आणि त्याच जागी दुसरा होल्डर उमटतो. फोकस जुन्या ओळीबरोबर जातो आणि कीबोर्ड मिटतो. ओळीतली किंमत बदलायची असेल तर पेलोडसह (नेमकं काय बदललं ते सांगणारी खूण) नोटिफाय करा. पेलोड रिकामा नसेल तर डिफॉल्टआयटमॲनिमेटर तोच होल्डर वापरतो, आणि तीन पॅरामीटरच्या ऑनबाइंडव्ह्यूहोल्डरमध्ये तुम्ही फक्त किमतीचा टेक्स्टव्ह्यू बदलता. एडिटटेक्स्टला हातच लागत नाही.

इथे एक प्रांजळ मत. प्रत्येक ओळीत एडिटटेक्स्ट असलेली लांब यादी बरोबर चालवता येते, पण ती सांभाळणं महाग पडतं. वजा-अधिक अशी दोन बटणं आणि मध्ये आकडा, किंवा आकड्यावर दाबल्यावर खालून येणाऱ्या पट्टीत एकच एडिटटेक्स्ट, असं करता आलं तर वरचे चार परिच्छेद तुम्हाला लागणारच नाहीत. किराण्यात अर्धा किलो, पाव किलो असे ठराविक टप्पे असतात, तेव्हा बटणं ग्राहकालाही सोयीची. उलट सात-आठच रकाने असतील तर रिसायकलरव्ह्यूच नको. स्क्रोलव्ह्यूमधला साधा लिनियरलेआउट पुरे.

लिस्टॲडॅप्टर आणि डिफयुटिल (जुन्या-नव्या यादीची तुलना करून फक्त बदललेल्या ओळी कळवणारी जोडी) वापरत असाल, आणि शोध आहे म्हणजे वापरावंच, तर दोन खड्डे सांभाळा. पहिला: यादीतल्याच ऑब्जेक्टमध्ये निवडलंय = ट्रू असं बदलून सबमिटलिस्ट केलं तर काहीही होत नाही. जुन्या आणि नव्या यादीत तोच ऑब्जेक्ट आहे, तुलना स्वतःशीच होते, फरक शून्य. आणि यादीचा ऑब्जेक्टही तोच असेल तर सबमिटलिस्ट तुलनाही करत नाही, लगेच परत फिरतं. डेटाक्लासची सगळी फील्डं व्हॅल ठेवा, कॉपीने नवी ओळ बनवा, नवी यादी द्या. आरआयटम्सदसेममध्ये फक्त आयडी, आरकंटेंट्सदसेममध्ये पूर्ण ओळ, आणि फक्त टिक बदलली असेल तर गेटचेंजपेलोडमधून तसं सांगा, म्हणजे ओळ लुकलुकणार नाही.

दुसरा खड्डा बारीक आहे. लिहिलेलं प्रमाणही याच ओळीत घातलं तर दर अक्षराला नवी यादी, बॅकग्राउंडला तुलना, आणि उत्तर येईपर्यंत ग्राहकाने पुढचं अक्षर लिहिलेलं असतं. मग शिळा मजकूर सेटटेक्स्ट होतो आणि नवं अक्षर गिळलं जातं. म्हणून टिक यादीच्या ओळीत, पण मसुद्याचा मॅप वेगळा, आयडी ते मजकूर असा. बाइंडने तो वाचायचा, तुलनेत तो यायचा नाही. याची एक किंमत आहे: ‘सगळं रिकामं करा’ बटण दाबल्यावर मॅप रिकामा झाला तरी डिफयुटिलला फरक दिसत नाही, तिथे नोटिफायआयटमरेंजचेंज्ड स्वतः बोलवावं लागतं.

आयडीबद्दल एक वाक्य: सेटहॅजस्टेबलआयडीज(ट्रू) केल्याने टिका आपोआप जागेवर राहत नाहीत. तो पर्याय नोटिफायडेटासेटचेंज्डनंतर कोणती ओळ कोणती हे जुळवायला मदत करतो, एवढंच. लिस्टॲडॅप्टरबरोबर त्याची सहसा गरज नसते.

चित्रं आणि टायमर. ग्लाइड किंवा कॉइल या चित्रं लोड करणाऱ्या लायब्ररी त्याच इमेजव्ह्यूवर नवी मागणी आली की जुनी रद्द करतात, त्यामुळे चित्र असलेल्या वस्तूंना प्रश्न येत नाही. प्रश्न चित्र नसलेल्या वस्तूंचा: ‘यूआरएल असेल तर लोड कर’ लिहिलंत आणि एल्समध्ये क्लिअर केलं नाही, तर डिंकाच्या लाडवासमोर साबण दिसतो. स्वतः कोरूटीन (मागे चालणारं काम) सुरू करत असाल तर तिचा जॉब होल्डरमध्ये ठेवा आणि बाइंडच्या सुरुवातीला व ऑनव्ह्यूरिसायकल्डमध्ये, दोन्हीकडे रद्द करा. सवलत संपायची उलटी मोजणी असेल तर प्रत्येक ओळीत टायमर नको. संपायची वेळ डेटात ठेवा आणि एकच टायमर दर सेकंदाला दिसणाऱ्या ओळींना पेलोड देऊ दे. लक्षात घ्या, ऑनव्ह्यूरिसायकल्ड ओळ पूलमध्ये जाताना चालतो, छोट्या कॅशमध्ये जाताना नाही. त्यामुळे व्हिडिओ किंवा आवाज तिथे थांबवलात तर पडद्याबाहेर गेलेली ओळ बोलत राहील. त्यासाठी ऑनव्ह्यूडिटॅच्डफ्रॉमविंडो ही जागा, आणि पुन्हा सुरू करायला ऑनव्ह्यूॲटॅच्डटूविंडो.

यादीत आडव्या सरकणाऱ्या याद्या असतील तर त्यांची स्क्रोलची जागा हीसुद्धा ओळीची अवस्थाच. ऑनव्ह्यूरिसायकल्डमध्ये आतल्या लेआउटमॅनेजरचं ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेट घेऊन विभागाच्या आयडीवर मॅपमध्ये ठेवा. बाइंडमध्ये असेल तर परत द्या, नसेल तर ०वर न्या. हा ‘नसेल तर’ भाग राहिला की मसाल्यांची पट्टी उगाच मधूनच सुरू होते.

जेटपॅक कंपोजवर (अँड्रॉइडवर पडदे बनवायची नवी पद्धत) जाणार असाल तर चेकबॉक्सची उष्टी टिक तिथे मिळणार नाही, पण मूळ प्रश्न तसाच राहतो. लेझीकॉलममधल्या (तिथल्या सरकत्या यादीतल्या) ओळीत रिमेंबरने ठेवलेली किंमत ओळ पडद्याबाहेर गेली की जाते. रिमेंबरसेव्हेबल टिकतं, पण आयटम्सना की दिली नसेल तर ते पोझिशनशी बांधलं जातं आणि शोध करताच तुमचा हाच घोळ नव्या कपड्यात परत येतो. की म्हणून वस्तूचा आयडी द्या, आणि टिका तिथेही व्ह्यूमॉडेलमध्येच. आयफोनवरच्या टेबलव्ह्यूतही सेल परत वापरला जातो. तिथे प्रिपेअरफॉररियूज आहे, पण तो अल्फा, निवडीची अवस्था अशा गोष्टींसाठी. मजकूर आणि डेटा दर वेळी सेलफॉररोमध्येच भरायचा असतो.

तुमच्या कोडमध्ये बदल या क्रमाने करा. आधी ते दोन्ही उपाय काढून टाका, म्हणजे मूळ चूक पुन्हा दिसेल. टिकांचा सेट आणि मसुद्यांचा मॅप व्ह्यूमॉडेलमध्ये आयडीवर बांधा. लिस्नर आणि वॉचर ऑनक्रिएटव्ह्यूहोल्डरमध्ये न्या. बाइंडमधले एल्स पूर्ण करा. डिफयुटिल शेवटी घाला. आधी घातलंत तर चूक बाइंडमध्ये आहे की तुलनेत, हे कळणार नाही.

तपासताना ऑनक्रिएट, ऑनबाइंड आणि ऑनव्ह्यूरिसायकल्ड या तिन्हींत लॉग टाका: होल्डरचा हॅशकोड आणि वस्तूचा आयडी. खाली सरकवत गेलात की ऑनक्रिएटच्या ओळी थोड्याच वेळात थांबायला हव्यात आणि फक्त बाइंड चालू राहायला हवं. मग हे करून पाहा: पहिल्या वस्तूवर टिक, तळापर्यंत जाऊन परत, पहिली वस्तू काढून लगेच दुसरीवर टिक, टिक करून ‘गूळ’ शोधा आणि शोध पुसा, अर्धा आकडा लिहून फोन आडवा करा, डेव्हलपर पर्यायांतलं ‘डोंट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करून दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन या. चाचणीला किमान ६०-७० वस्तू ठेवा. पडद्यावर मावतील तेवढ्याच ९ वस्तू असतील तर एकही ओळ पूलपर्यंत पोहोचत नाही आणि सगळं बरोबर वाटतं.

लॉगमध्ये ऑनक्रिएट ८० वेळा दिसलं, तर रिसायकलरव्ह्यू नेस्टेडस्क्रोलव्ह्यूच्या आत रॅपकंटेंट उंचीने बसलाय का ते बघा. तिथे त्याला अमर्याद उंची मिळते, तो सगळ्या ओळी एकदम मांडतो आणि रिसायकलिंग होतच नाही. अशा यादीत टिका कधीच चुकत नाहीत, म्हणून ही मांडणी उपाय म्हणूनही सुचवली जाते. वस्तू ८०वरून ८०० झाल्या की पडदा उघडायलाच काही सेकंद लागू लागतात. शोधपट्टी यादीबरोबर वर सरकावी म्हणून तुम्ही तसं केलं असेल, तर ती पट्टी कॉन्कॅटॲडॅप्टरने (अनेक ॲडॅप्टर एकापाठोपाठ जोडणारा) यादीचीच पहिली ओळ करा आणि नेस्टेडस्क्रोलव्ह्यू काढून टाका. फक्त पट्टीत लिहिलेला शब्दही व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवा, कारण आता तीही परत वापरली जाणारी ओळ आहे.